टोपणभर औषध

मी बुलेट बोलतेय. हस, हस. लोखंड कधी बोलतं का, असंच ना? मग एक कर. मी आता जे सांगणार हाय त्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. तुझ्याच्यानं नाय व्हायचं. शिकलेली माणसं तुम्ही, मोबाईलमधी लिहिलेलं तेवढंच खरं मानता.

आणि माझ्या सीटवर बसलास ते नीट बस. डावा पाय असा खाली सोडू नको, तिथं मी थेंब थेंब तेल सोडते. मुद्दाम सोडते. पांढरी पँट दिसली की लय मजा येते मला. हा खाली झोपलाय तो काळू, कॉलनीतला कुत्रा. त्यालासुद्धा कळतं कुठं झोपायचं.

तुझ्या पिशवीतली बाटली मला मघाशीच दिसली. बापाच्या जुन्या गाडीसाठी आणलीस ना? शिशाच्या बदल्यातलं औषध. पेट्रोलमधलं शिसं गेलं, आता जुन्या इंजिनाला हे पाजलंच पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं. आणि ते खरं का खोटं, हे विचारायला तू सावळीरामकडं आलास. तो आत झोपलाय, चहाच्या वेळेला उठेल. तवर मी सांगते. ह्या औषधाचं माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी ते प्यायलीये. आणि न पिता पण प्यायलीये. कसं, ते ऐक.

जन्म माझा लांब मद्रासकडं झाला म्हणतात. मला आठवत नाय. शाळा म्हणशील तर सर्व्हिस सेंटरच्या दारातून दोनचारदा आतबाहेर केलं, तेवढीच. मालगाडीतनं गवतात गुंडाळून आले, आणि उतरल्यावर थेट लासलगावला, झुंबरशेठच्या दारात.

झुंबरशेठ कांद्याचा व्यापारी. लिलाव सुरू झाला की माझ्यावर बसून ट्रॅक्टरच्या रांगेतनं फिरायचा. माणूस बुटका, पाय जमिनीला टेकत नव्हते. थांबायचं झालं की कुणाच्यातरी ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून तोल धरायचा आणि तोंड असं करायचा की जणू कांदाच तपासतोय. चार लोक बघत असले की मी हमखास बंद पडायची. शेठ उतरायचा, धोतर सावरायचा, किक मारायचा. मी उलटी किक द्यायची. एकदा त्याची चप्पल उडाली ती थेट कांद्याच्या ढिगात. हमाल हसले, व्यापारी हसले, मी पण हसले. माझं हसणं लोकांना नुसतं फटफट ऐकू येतं, म्हणून बरं.

पुढं शेठनं जीप घेतली आणि मला कांद्याच्या चाळीत टाकलं. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. वाईट नव्हती कोंबडी, पण बडबडी लय. तिथनं मला सावळीरामनं आणलं, इथं, सातपूरला.

सावळीराम कारखान्यात टर्नर. लेथवर उभा राहून राहून त्याच्या पायाचा आकार बदललाय. पण त्याच्या हातचा जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला तुकडा, असा बसायचा की मधी केस जायचा नाय. फट हा शब्द त्याला शिवीसारखा. घरातलं दार जरा करकरलं की हा पटाशी घेऊन हजर. चहाच्या डब्याचं झाकण सैल वाटलं तर ठोकून घट्ट करणार, आणि मग सकाळी त्याची बायको पत्ती काढायला बत्ता घेऊन बसणार.

बायको म्हणजे लताबाई. कॉलनीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज हीच शिवते. स्वभावानं माझ्यासारखीच वंगाळ. पहिल्यांदा माझ्यावर एका बाजूनं बसली, आणि सिग्नलला त्याच्या कमरेत हळूच बोट खुपसलं. त्याचा क्लच सुटला, मी उडी मारली, पुढच्या सायकलवाल्यानं शिव्या घातल्या. आणि ही मागं डोक्यावर पदर घेऊन गरीब बाई होऊन बसली. त्याच दिवशी मी ठरवलं, हिचं नि माझं जमणार.

मग ते शिशाचं प्रकरण आलं. तुला समजेल असं सांगते.

माझ्या डोक्यात दोन झडपा हायेत, वॉल्व्ह म्हणतात ते. एकीतनं पेट्रोलची वाफ आत येते, दुसरीतनं धूर बाहेर जातो. दर वेळी झडप मिटली की आपल्या बैठकीवर आपटते. पेट्रोलमधल्या शिशाचा बारीक लेप त्या बैठकीवर बसायचा, गादी घातल्यासारखा. दोन हजार सालाच्या सुमाराला सरकारनं शिसंवालं पेट्रोल बंद केलं. बरंच केलं. ते शिसं धुरातनं लेकरांच्या अंगात जायचं, डोक्याला विष ते. पण पंपावर एकच बोंब उठली. शिसं गेलं, जुन्या गाड्या मेल्या! गादी गेली की झडप आपटून आपटून बैठक खाली दबणार आणि इंजिन खलास.

सावळीरामनं ते ऐकलं नि खरं मानलं. स्पेअर पार्टच्या दुकानातनं तो एक डबा घेऊन आला. पत्र्याचा, अरुंद तोंडाचा, लाल टोपणाचा. तेव्हापासून नेमच झाला. पंपावरनं पेट्रोल भरून यायचं, मला इथं ह्या जिन्याखाली लावायचं, डबा आणायचा, टोपणभर औषध मोजून टाकीत सोडायचं, आणि टाकीवर थाप मारून म्हणायचं, "घे गं बाई."

त्याच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या लताबाईला तोंडाशी न्याव्या लागतात. माझं टोपण तो एकदाही विसरला नाय.

ते औषध मला लागत होतं का? सांगते ना. घाई कशाला करतोस, तुझा बाप काय पंपावर ताटकळलाय?

लॉकडाऊनमधी ते दुकान बंद पडलं ते परत उघडलंच नाय. डबा रिकामा झाला. सावळीरामनं सगळीकडं विचारलं, कुठं मिळेना. मग त्यानं एक जुनी चादर आणली आणि मला झाकून टाकलं. म्हणाला, "औषध नाय तर गाडी नाय. उगाच इंजिन मारायचं नाय मला."

आता रिटायर माणसाला दुसरं काय होतं? सकाळी मला काढायची, त्र्यंबक रोडला जुन्या सोबत्यांबरोबर चहा प्यायचा, कुणाच्या कारखान्यात काय चाललंय ते ऐकून यायचं. ते सगळं थांबलं. लोकांचं लॉकडाऊन संपलं, ह्याचं संपेना. खुर्ची टाकून फाटकाकडं बघत बसायचा. बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. आणि कंटाळा आला की लताबाईच्या मशीनजवळ जाऊन सांगायचा, "हा टाका वाकडा पडला बघ." दिवसभर असा नवरा कोणती बाई सहन करील?

एका दुपारी तो झोपलाय बघून लताबाई डबा घेऊन माझ्याकडं आली. चादर वर केली. माझी पेट्रोलची नळी काढली, कॉक फिरवला आणि माझंच पेट्रोल डब्यात भरून घेतलं. हे कुठं शिकली विचारशील, तर रॉकेलच्या स्टोव्हवर संसार केलेली बाई ती. कॉक, नळी, पंप, सगळं हाताखालून गेलंय. नळी परत लावली, आणि हँडलाजवळ तोंड आणून मला म्हणाली, "बोललीस तर भंगारात घालीन."

मी कुठं बोलतेय? मला तर इतकं हसू येत होतं की टाकी फुटेल असं वाटलं.

संध्याकाळी तिनं डबा त्याच्यापुढं ठेवला. "घ्या. ओळखीच्यानं आणून दिलं."

सावळीरामनं टोपण उघडून वास घेतला. "वास पेट्रोलसारखा येतोय."

"मग काय अत्तराचा येणार? पेट्रोलमधीच टाकायचंय ना ते?"

ते त्याला पटलं. चादर निघाली. टोपणभर माझंच पेट्रोल मला पाजलं, थाप मारली, "घे गं बाई." मी पहिल्या किकला चालू झाले. मुद्दाम झाले. सावळीराम लताबाईकडं वळून म्हणाला, "बघितलं? ह्याला म्हणतात औषध."

"बघितलं हो," लताबाई म्हणाली, आणि घरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली.

पुढं कितीतरी वर्षं हेच. डबा संपत आला की दुपारी लताबाई यायची, माझ्यातनं काढून डब्यात, आणि तो डब्यातनं माझ्यात. मी मजेत पळत होते. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणीला जायचं, वणीला लताबाईच्या बहिणीकडं जायचं, दरवर्षी चौदा एप्रिलला कॉलनीच्या रॅलीत सगळ्यांच्या पुढं राहायचं, निळा झेंडा घेऊन. कशाला काय झालं नाय मला.

मग ह्या थंडीत घरात एक नवीन वस्तू आली, आणि माझं नशीब फिरलं.

आणली चैतालीनं. चैताली म्हणजे त्यांची नात. आईबाप जळगावला, ही शिकायला इथं आली नि इथंच राहिली. आता सातपूरलाच एका कारखान्यात क्वालिटी तपासते, म्हणजे आजोबानं बनवायचे तसले जॉब ही मोजून पास-नापास करते. पोरगी गुणाची. नोकरी लागल्यावर तिनं आजोबाला कानाचं मशीन आणून दिलं. लेथच्या आवाजात त्याचे कान कधीच गेले होते.

त्यानं मशीन कानात घातलं आणि चक्रावून गेला. पंख्याचा आवाज, चिमण्यांचा आवाज, काळूच्या घोरण्याचा आवाज. लताबाई भांडी घासताना तोंडातल्या तोंडात काय म्हणते ते सुद्धा.

"अगं, इतकी वर्षं तू मला हे म्हणत होतीस?"

"चैताली, परत कर गं ते मशीन," लताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला चालू केलं आणि त्याला माझी टिकटिक ऐकू आली.

आता ती टिकटिक माझी जन्माची. लासलगावला पण होती. पण सावळीरामला वाटलं नवीनच सुरू झाली. त्याचा चेहरा उतरला. "फट पडली. बैठक झिजली. शिसं कमी पडतंय हिला." लगेच एकाच्या जागी दोन टोपणं. आणि तेवढ्यावर थांबला असता तर कुठं बिघडत होतं? नाय थांबला. टर्नर ना. पाना घेऊन बसला.

माझ्या बरगडीपाशी एक छोटं झाकण हाय. ते उघडलं की आत दोन सळया दिसतात, पुशरॉड. त्या झडपांना ढकलतात. गाडी गार असताना त्या सळया दोन बोटांत धरून सहज फिरल्या पाहिजेत. एवढीच मोकळीक, जास्त नको. सावळीरामनं तेवढी पण ठेवली नाय. सळयांखालचे नट, टॅपेट म्हणतात ते, आवळले, परत आवळले, टिकटिक बंद होईपर्यंत आवळले. आवाज मिटला, तो खूश झाला, आणि माझी झडप पुरती मिटेनाशी झाली. तोंड उघडं ठेवून फुगा फुगवायला सांगितलं तर तुला जमेल का? तशी माझी गत. किक पोकळ लागायला लागली. चढाला दम लागायचा. मधीच फटाका वाजल्यासारखं व्हायचं.

आणि ह्यातली गंमत बघ. बैठक खरंच खाली दबली असती ना, तर टिकटिक वाढली नसती. झडप आत आत रुतून फट आपोआप बुजली असती, आवाज गप झाला असता. माझी टिकटिक येत होती म्हणजेच मी ठणठणीत होते. पण कुणाला सांगू? मी दम टाकला की तो म्हणायचा, "औषध कमी पडतंय," आणि तीन टोपणं.

त्यात एप्रिल जवळ आला. सावळीरामचा गुडघा आता किकला दाद देत नाय. म्हणून यंदा ठरलं होतं, चैतालीनं मला चालवायचं, सावळीरामनं मागं झेंडा घेऊन बसायचं. कॉलनीच्या रॅलीत सगळ्यात पुढं एक पोरगी, हे पहिल्यांदाच होणार होतं. चैताली रोज ड्युटीवरनं आली की फाटकाबाहेर मला गोल गोल फिरवायची. तिच्या मैत्रिणींनी निळे फेटे पण शिवायला टाकले होते, लताबाईकडंच.

रॅलीच्या कमिटीचा समाधान, समोरच्या घरातला, एकदा येऊन उभा राहिला.

"आजोबा, राग मानू नका. पुढची गाडी मधीच बंद पडली तर मागं सगळी रॅली तुंबेल. चैतालीला माझी नवी गाडी देतो. बटण दाबलं की चालू."

"पुढं हीच जाणार," सावळीराम म्हणाला. "तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून हीच जाते."

"बाबांना पाळण्यात कुणी घातलंच नव्हतं," समाधान म्हणाला. "बरं, एकदा चालवून तर दाखवा."

चैतालीनं किक मारली. मी चालू झाले नि फाटकापाशी बंद पडले. परत मारली, परत बंद. आणि ऐक, ह्या वेळी मी नाटक करत नव्हते. माझ्यात खरंच दम नव्हता. समाधान खाली बघत निघून गेला. तेच जास्त लागलं.

सावळीराम पायरीवर बसला. म्हणाला, "नाय. तीन टोपणं घालून पण पुरत नाय. इंजिन गेलं हिचं. चैताली, तू समाधानची गाडी घे. आणि हिला... रॅली झाली की भंगारवाल्याला सांगतो. झाकून ठेवून रोज बघण्यापेक्षा ते बरं."

चैताली हेल्मेट काढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी सगळं सामसूम असताना लताबाई आली. हातात डबा नव्हता. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि माझ्या इंजिनावर हात ठेवला.

"बये," ती म्हणाली, "माझ्यामुळं मेलीस काय गं? तुला खरंच लागत होतं काय ते औषध? मी आपली चेष्टा करत बसले. आता पोरीची रॅली गेली, आणि तो परत खुर्ची टाकून फाटकाकडं बघत बसेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं, तू नाय गं, तो! त्याचा पाना! पण माझ्याकडं एकच गोष्ट होती. तिच्या पावलावर एक तेलाचा थेंब सोडला. तिनं तो पदरानं पुसला आणि तशीच बसून राहिली.

तेवढ्यात सावळीराम बाहेर आला, हातात डबा. म्हणाला, "आज सगळाच ओततो. शेवटचं. वाचली तर वाचली."

"थांबा," लताबाई म्हणाली.

"का?"

"त्यात काय नाय."

"काय नाय म्हणजे? जड लागतोय की डबा."

"तिचंच पेट्रोल हाय त्यात. दुकान बंद पडल्यापासनं तिच्यातनंच काढते नि तुम्हाला देते."

सावळीरामनं कानाचं मशीन नीट बसवलं. "परत बोल."

ती परत बोलली, आणि ह्या वेळी इतक्या मोठ्यानं की समाधानची आई खिडकीत आली.

"म्हणजे तू माझ्या गाडीचा..."

"जीव घेतला. म्हणा की. म्हणून टाका."

त्यानं डबा पायरीवर आपटला. आवाज ऐकून चैताली बाहेर आली, आणि तिनं दोघांना सोडून सरळ माझ्याकडं बघितलं. मग आजीला विचारलं, "दुकान बंद पडलं ते लॉकडाऊनमध्ये ना?"

"हो."

"आणि गाडी आजारी कधीपासून?"

"ह्या थंडीपासनं."

"मधली सगळी वर्षं?"

"मधी तर वाऱ्यासारखी पळत होती."

"मग औषध नाही म्हणून बिघडायची असती तर तेव्हाच बिघडली असती. ह्या थंडीत नवीन काय झालं?"

तिघंही माझ्याकडं बघायला लागली. काळूनं पण डोकं वर केलं. मग लताबाईनं हळूच बोट उचललं आणि सावळीरामच्या कानाकडं दाखवलं.

"ह्यांना ऐकू यायला लागलं."

अरे, मी तेव्हा चालू असते ना, तर नाचले असते!

"आजोबा," चैताली म्हणाली, "ऐकू यायला लागल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? टॅपेट घट्ट केले. फट पडली होती."

"किती घट्ट?"

सावळीराम वळून आत गेला. मग पाना आणला, झाकण उघडलं, सळई दोन बोटांत धरली. फिरवायला गेला. फिरेना. परत प्रयत्न केला. फिरेना.

"फट नको म्हणून..." एवढंच बोलला.

लताबाईला आता जरा जोर आला होता. "मी ब्लाउज अंगाला बरोब्बर शिवला तर बाई श्वास कसा घेईल? बोटभर सैल ठेवावाच लागतो."

"ब्लाउज वेगळा, इंजिन वेगळं."

"श्वास दोघी घेतात की."

त्यानं तिच्याकडं रागानं बघितलं, पण हात पान्याकडं गेला. हळूहळू सैल केलं. सळई फिरली. माझ्या डोक्यातली झडप किती दिवसांनी पुरती मिटली. चैतालीनं किक मारली आणि किक दगडासारखी भरीव लागली. मी चालू झाले. टिक टिक टिक टिक. सावळीरामचा हात सवयीनं परत पान्याकडं गेला. लताबाईनं तो वरच्यावर धरला.

आता इथं तू म्हणशील, झालं, सगळे हसले. नाय हसले. सावळीराम त्या दिवशी तिच्याशी बोललाच नाय. जेवताना दुसरी भाकरी मागितली नाय, पाणी स्वतःच्या हातानं घेतलं. मीठ हवं होतं तर चैतालीला म्हणाला, "तुझ्या आजीला सांग." आजी समोरच बसली होती. फसवलं गेल्याचं दुःख इंजिनाच्या दुःखापेक्षा वेगळं असतं, त्याला पाना नाय लागत.

सकाळी तो चैतालीला म्हणाला, "औषधाशिवाय खरंच पळते का ते बघू. वणीला जाऊन येऊ." चैताली पुढं, तो मागं. दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षाच्या बागा लागल्या तशी पोरीनं मला मोकळं सोडलं. मी पण तिला दाखवून दिलं, म्हातारी काय असते ते. वणीला लताबाईच्या बहिणीनं, कुसाबाईनं, चहा केला आणि विचारलं, "लता नाय आली?" सावळीराम म्हणाला, "ती घरी डबे भरतेय." कुसाबाईला काय कळलं नाय. चैतालीचा चहा नाकातनं आला.

दुसऱ्या दिवशी मी गार पडल्यावर त्यानं झाकण उघडलं. एवढ्या पळण्यानं बैठक दबली असती तर सळई आवळली असती. पण स्वतः हात लावायच्या आधी त्यानं आत हाक मारली. त्या भांडणानंतरची पहिली हाक.

"लता. इकडं ये. बोट घाल."

ती आली. मशीनवरनं उठून आलेली, बोटाला अजून दोरा गुंडाळलेला. सळई दोन बोटांत धरली.

"फिरते की हो."

मग त्यानं फिरवली. बराच वेळ नुसता फिरवत बसला. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी काय ओतत होतो?"

"औषधच."

"कुणाचं? हिला तर लागतच नव्हतं."

"तुमचं. खुर्चीवरनं उठलात की नाय?"

त्यानं झाकण लावलं, हात पुसले, आत जाता जाता म्हणाला, "चहा टाक. तुझा पण टाक."

चौदा तारखेला सगळ्यात पुढं मी होते. चैतालीच्या डोक्यावर निळा फेटा, आजीच्या हातचा, आणि मागं सावळीराम झेंडा धरून. ऊन मरणाचं, चाल मुंगीची, मागं डीजे दणाणतोय. असल्या हळू चालीत नवी पोरं पण तापतात. समाधानची गाडी शालिमार चौकाच्या अलीकडंच बंद पडली. बटण दाबून दाबून बिचाऱ्याचा अंगठा दुखला. मी त्याच्याकडं बघून एक फटाका वाजवला. डीजेपायी सावळीरामनं कानाचं मशीन काढून खिशात टाकलं होतं. पण दर चौकात तो वाकून माझ्या टाकीवर तळवा ठेवायचा. ऐकू येत नव्हतं, तर हातानं टिकटिक घेत होता. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी चैतालीनं जयभीम म्हणून आरोळी दिली, आणि मागं वळून म्हणाली, "आजोबा, चालू आहे ना?" तो म्हणाला, "चालूच हाय."

तर हे असं. आता तुझ्या बाटलीचं बोलू.

सगळ्याच म्हाताऱ्या माझ्यासारख्या नसतात. कुणाची बैठक मऊ लोखंडाची असते, आणि वर मालक हायवेला तासन्‌तास पिळणारा असला तर तिची झडप खरंच रुतते. तिला औषध घाल, नायतर कडक बैठक बसवून घे. पण आधी बघ. गाडी गार असताना तिच्या कंपनीनं सांगितली तेवढी फट ठेव, थोडे दिवस चालव, परत उघडून बघ. दर वेळी फट आपोआप बुजत असली तर तिला औषध लागतं. फट होती तशीच राहिली तर नाय लागत. आणि टिकटिक येते म्हणून पाना उचलू नको. म्हातारीला टिकटिक करू दे.

आणि तुझा बाप टोपण ओतताना खूश होत असला तर? डबा कसा भरायचा, ते मी तुला सांगितलंय.

कारण आमच्याकडं अजून तसंच चालतं. चैतालीच्या मागं बसून तो पेट्रोल भरून येतो, मला जिन्याखाली लावतो नि हाक मारतो, "औषध आण गं." ती आणते. काय हाय ते त्यालाही ठाऊक, तिलाही ठाऊक. टोपणभर मोजून ओततो, थाप मारतो, "घे गं बाई." आणि मी घेते.

ती बघ, आलीच लताबाई, पदराखाली डबा. तो उठायच्या आत भरायचाय तिला. तू बसलायस म्हणून दारातच घुटमळतेय. काय, एक शब्द तरी पटला का? नाय ना? मग मी जिंकले. ऊठ सीटवरनं. आणि पँट बघ तुझी, डावीकडं. सांगितलं होतं की नाय?

जा आता.